फ्रेंचमधलं जर-तर

इंग्रजीत छापलेल्या आपल्याकडच्या लग्नपत्रिकांच्या तळाशी 'आर.एस.व्ही.पी.' असं लिहून खाली दोन-चार नावं आणि फोन नंबर दिलेले असतात. ही अक्षरं म्हणजे 'निमंत्रक', अशीच बहुतेकांची समजूत असते. कोणी खरोखर फोन करून 'आम्ही चौघं येतोय हं' असं कळवलं, तर पलीकडचा माणूस चक्रावेल. मूळ शब्द फ्रेंच आहेत: 'रेपाँदे सिल वू प्ले'. 'रेपाँदे' म्हणजे 'उत्तर द्या', ही सरळ आज्ञा. 'सिल वू प्ले' म्हणजे 'आपल्याला रुचत असेल तर'. फ्रेंचच्या पहिल्या तासाला 'प्लीज' म्हणून जे घोकून घेतलं जातं, ते खरं तर जर-तरच्या वाक्याचं पहिलं अर्धं अंग आहे. हुकूम सोडायचा आणि लगेच त्याला अट जोडून तो ऐच्छिक असल्याचा देखावा करायचा, ही फ्रेंच सभ्यतेची जुनी रीत.

'जर'साठी फ्रेंचमध्ये 'सी' हा एवढासा शब्द आहे. पुढे 'इल' (तो) आला की दोघं मिळून 'सिल' होतात. 'एल' (ती) आली तर मात्र 'सी एल' असं सुटं म्हणायचं. हा नियम दोन मिनिटांत समजतो. गाडी अडते ती पुढे: 'सी'नंतर क्रियापदाचं कुठलं रूप घ्यायचं इथे, आणि त्याच्या जरा आधी 'शकणे', 'लागणे', 'पाहिजे' या अर्थांच्या साहाय्यक क्रियापदांपाशी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिका, आलियाँस फ्राँसेझमध्ये शिका, की अकरावीला गुण चांगले पडतात म्हणून फ्रेंच घ्या, या दोन गाठी चुकत नाहीत. कॅनडाला जायच्या तयारीत असलेल्यांना तर त्या सोडवाव्याच लागतात, कारण तिथल्या स्थलांतराच्या गुणांकनात फ्रेंचला वेगळे गुण आहेत. माझं मत विचाराल तर पहिली गाठ आपण स्वतःच मारून घेतो. आपण फ्रेंच शिकतो इंग्रजीतून, आणि नेमकी याच बाबतीत इंग्रजी फार तोकडी आहे. मराठी तिच्यापेक्षा कितीतरी सरस आहे.

साधी गोष्ट घ्या, पोहण्याची. इंग्रजीतल्या 'कॅन'ने दोन निराळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधल्या आहेत. फ्रेंचमध्ये 'झ से नाझे' म्हणजे 'मला पोहता येतं': कला अंगात आहे. 'झ प नाझे' म्हणजे 'मी पोहू शकतो': तलाव उघडा आहे, डॉक्टरांनी मना केलेलं नाही, अंगात ताप नाही. पहिल्यात 'साव्वार' (जाणणे), दुसऱ्यात 'पुव्वार' (शकणे). इंग्रजीतून येणारा विद्यार्थी इथे डोकं खाजवत बसतो. मराठी माणसाने मुळात अडायचंच कारण नाही, 'येणे' आणि 'शकणे' यांतला फरक तो शाळेत जायच्या आधीपासून पाळतो आहे. गंमत म्हणजे खुद्द फ्रेंच बोलणाऱ्यांतही यावर एकमत नाही. बेल्जियममध्ये 'मला यायला जमणार नाही' हे सांगताना लोक सर्रास 'साव्वार' वापरतात, आणि पॅरिसचा माणूस ते ऐकून गालातल्या गालात हसतो.

भूतकाळात तर मराठीचा आधार आणखी पक्का होतो. 'झे प्यू उव्रीर ला पोर्त' म्हणजे 'मला दार उघडता आलं': खटपट केली आणि दार उघडलं. 'झ पुवे उव्रीर ला पोर्त' म्हणजे 'मला दार उघडता येत होतं': किल्ली खिशात होती, उघडलं की नाही ते वाक्य सांगत नाही. इंग्रजीतलं 'कुड' या दोन्हींना पुरतं, वर 'उघडता येईल बहुधा' यालाही तेच. एका शब्दामागे तीन फ्रेंच रूपं उभी असली की विद्यार्थी अंदाजाने एक उचलतो, आणि अंदाज चुकतो.

आता 'दव्वार'. या एका क्रियापदासाठी वेगळा तास ठेवला तरी तो वाया जायचा नाही. समजा पॅरिसमधल्या एका कचेरीत सकाळचे दहा वाजलेत आणि पिएरची खुर्ची रिकामी आहे. सहकारी म्हणतो, 'इल द्वा एत्र मालाद', तो आजारी असणार. दुसरी म्हणते, 'इल दवे वनीर', तो यायचा होता. येणं ठरलं होतं एवढंच ती सांगते, पुढे काय झालं यावर वाक्य गप्प आहे. तिसऱ्याने त्याचा कोट खुंटीवर नसल्याचं पाहिलं आहे: 'इल आ द्यू पार्तीर'. याचे अर्थ दोन. 'त्याला जावं लागलं' हा एक आणि 'तो गेला असणार' हा दुसरा. कोणता, ते मागच्यापुढच्या बोलण्यावरून ओळखायचं. साहेबांचा पारा चढतो: 'इल दव्रे तेलेफोने', त्याने फोन करायला हवा. आणि संध्याकाळपर्यंत फोन आला नाही की 'इल ओरे द्यू तेलेफोने', करायला हवा होता.

'असणार', 'यायचा होता', 'जावं लागलं', 'हवा', 'हवा होता': मराठीने यासाठी वेगवेगळ्या रचना योजल्या. फ्रेंचने एकच क्रियापद घेतलं आणि त्याला काळांमधून फिरवलं. म्हणून 'दव्वार म्हणजे मस्ट' असं वहीत लिहून ठेवणं निरुपयोगी आहे. 'दव्वार'चा अर्थ त्याच्या काळात असतो, म्हणून वहीत प्रत्येक रूपासमोर मराठी वाक्य लिहावं.

एक फरक तेवढा सतत ध्यानात ठेवावा लागतो. मराठीत यांतली बरीच क्रियापदं माणसाला 'ला' लावून बाजूला बसवतात: मला जावं लागतं, तिला येता येईना. फ्रेंचमध्ये माणूस कर्त्याच्या खुर्चीत बसतो आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे बदलतं. याला अपवाद 'फाल्वार'. हे क्रियापद फक्त 'इल फो' या एका साच्यात चालतं, त्यातला 'इल' म्हणजे कोणीच नाही, आणि गरजू माणूस आपल्यासारखाच चतुर्थीत जातो. 'इल म फो द्यू पँ' हे शब्दाला शब्द 'मला पाव पाहिजे' असंच आहे. (पाव आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, त्यांचा 'पाँव' आणि फ्रेंच 'पँ' दोन्ही एकाच लॅटिन शब्दाची पोरं.)

पण तो पाव आणायला बेकरीत गेलात तर हे वाक्य वापरू नका, आणि 'झ व' म्हणजे 'मला हवाय' हे तर मुळीच नको. ते ऐकायला हट्टी पोरासारखं लागतं. 'मला हवं, मला हवं' करणाऱ्या मुलांना फ्रेंच आया-आज्या ऐकवतात, की 'हवं' नावाचं गवत राजाच्या बागेतसुद्धा उगवत नाही. दुकानात म्हणायचं 'झ वुद्रे', म्हणजे इच्छेला संकेतार्थाचं रूप द्यायचं. याहून मृदू सूर 'झ वुले' या अपूर्ण भूतकाळाचा, आणि तो आपल्या कानाला ओळखीचा आहे. 'जरा विचारायचं होतं' असं म्हणत आपण बँकेच्या खिडकीपाशी उभे राहतो तेव्हा विचारायचं आत्ताच असतं, भूतकाळ फक्त नम्रतेपुरता असतो. फ्रेंचांचं तंतोतंत तसंच. उलट 'झ व बियँ' या वाक्यात 'झ व' असूनही उर्मटपणा नाही. कोणी कॉफी पुढे केल्यावर 'हो, चालेल की' एवढाच त्याचा अर्थ.

आता दुसरी गाठ. ही मात्र मराठीमुळेच पडते.

आपली म्हण सगळ्यांना ठाऊक आहे: आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. फ्रेंचमध्ये जवळजवळ हीच म्हण आहे: 'सी मा ताँत आँ नावे, ओं लापेलरे मों नोंक्ल'. तिथल्या बाईंना मिशांऐवजी दुसरंच काहीतरी असण्याची कल्पना आहे. ते काय, हे न बोलता 'आँ' या सर्वनामावर भागवलेलं असतं, आणि ऐकणारे समजून घेतात. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही म्हणी शेजारी ठेवून पाहाव्यात. मराठीत 'असत्या' आणि 'असतं': वाक्याच्या दोन्ही बाजूंना तेच रूप, शाळेत ज्याला आपण संकेतार्थ म्हणून शिकलो ते. फ्रेंचमध्ये पहिल्या अर्ध्यात 'आवे', म्हणजे साधा अपूर्ण भूतकाळ, ज्याला वर्गात 'अँपार्फे' म्हणतात. संकेतार्थ फक्त दुसऱ्या अर्ध्यात, 'आपेलरे'मध्ये. मराठी वाक्य तराजूसारखं समतोल आहे, फ्रेंच वाक्य एका बाजूला झुकलेलं. मराठी मुलाला 'सी'नंतरही संकेतार्थ टाकावासा वाटतो तो आळसामुळे नाही, त्याच्या मातृभाषेचा कान तसा तयार झाला आहे म्हणून.

फ्रेंच मुलंही हेच करतात, हा त्यातल्या त्यात दिलासा. लुई पेर्गोच्या १९१२ च्या 'ला गेर दे बुताँ' या कादंबरीवर ईव्ह रोबेर यांनी १९६२ साली चित्रपट काढला. दोन गावांतल्या पोरांची लढाई, आणि पकडलेल्या शत्रूची बटणं कापून घ्यायची अशी तिची रीत. त्यातलं चिमुरडं प्ती झिब्यूस हे पात्र, आधी कळलं असतं तर आपण आलोच नसतो, अशी कुरकुर पुन्हा पुन्हा करतं, आणि त्या एवढ्याशा वाक्यात दोन चुका करतं. 'सी'नंतर संकेतार्थ ही एक. 'येणे' या क्रियापदाला 'असणे' जोडायचं सोडून 'जवळ असणे' जोडतं ही दुसरी. ते चुकीचं वाक्य इतकं गाजलं की आजही पश्चात्ताप झालेला शिकलासवरलेला फ्रेंच माणूस ते मुद्दाम तसंच म्हणतो.

शाळेत यावर उपाय म्हणून एक कोटी शिकवतात: 'ले सी नेम पा ले रे'. 'सी' म्हणजे 'जर', पण 'सी' म्हणजे करवतही. 'रे' हा संकेतार्थाचा शेवट, पण 'रे' म्हणजे पाकट मासाही. करवतींना पाकट आवडत नाही, असं एकदा डोक्यात बसलं की 'सी'नंतर 'रे' घालताना जीभ अडखळते.

कोटी लक्षात राहते, पण कारण सांगत नाही. ते कारण लॅटिनमध्ये आहे. उत्तरकाळातल्या बोली लॅटिनमध्ये भविष्य सांगण्यासाठी मूळ क्रियापदाला 'जवळ असणे'चा वर्तमानकाळ जोडायची पद्धत पडली, आणि भूतकाळातून पुढे पाहायचं असेल तर त्याच क्रियापदाचा भूतकाळ. म्हणजे 'गायचं आहे' यातून भविष्यकाळ निघाला आणि 'गायचं होतं' यातून संकेतार्थ. झिजत झिजत दोन शब्दांचा एक झाला. शार्लमाञच्या दोन नातवांनी ८४२ साली स्ट्रासबूर्गला एकमेकांना दिलेल्या शपथांत भविष्यकाळाची ही जोडरूपं दिसतात, आणि इ. स. ८८० च्या सुमारास रचलेल्या संत युलालीच्या स्तोत्रात संकेतार्थाचं रूप सापडतं. आजही संकेतार्थाचे प्रत्यय काढून पाहा. बुंधा भविष्यकाळाचा, शेपूट अँपार्फेचं.

म्हणजे ज्याला आपण संकेतार्थ म्हणतो तो मुळात भूतकाळात उभं राहून पाहिलेला भविष्यकाळ. 'तो येईन म्हणाला' असं मराठीत बोलणाऱ्याचे मूळ शब्द ठेवून सांगता येतं. फ्रेंचमध्ये मात्र तिथे 'येईन'चं 'वियँद्रे' असं संकेतार्थी रूप करावं लागतं, आणि त्या वाक्यात जर-तर औषधालाही नसतं. आता नियम आपोआप उलगडतो. फ्रेंचमध्ये 'सी'नंतर भविष्यकाळ कधीच येत नाही. 'तू आलास तर मी येईन' याचं 'सी तू वियँ, झ वियँद्रे' होतं, अटीत वर्तमान आणि परिणामात भविष्य. भविष्यालाच दार बंद, तर त्याच्या भूतकाळी भावंडाला ते उघडं कसं असेल? हे एकदा समजलं की करवत आणि पाकट दोन्हींची गरज उरत नाही. आजचे बरेचसे व्याकरणकार संकेतार्थाला स्वतंत्र 'अर्थ' न मानता साध्या काळांच्या रांगेत बसवतात, तेही याच कारणाने.

मराठी माणसाला आणखी एक अडचण येते आणि ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. 'मला वेळ असता तर मी आलो असतो.' हे आजच्या निमंत्रणाबद्दल आहे की कालच्या? मराठी वाक्य सांगत नाही, 'आज' किंवा 'काल' जोडून आपण ते सांगतो. फ्रेंचला ही मोघमता चालत नाही. आजचं असेल तर 'सी झावे ल ताँ, झ वियँद्रे'. काल होऊन गेलेलं असेल तर दोन्ही बाजू एकेक पायरी मागे: 'सी झावे ज्यू ल ताँ, झ सरे वन्यू'. अट कालची आणि परिणाम आजचा असेल तर एक बाजू मागे आणि एक जागेवर: काल औषध घेतलं असतंस तर आज बरा असतास. मराठीत विचार करताना ही निवड करायची सवयच नसते, म्हणून लिहायला बसण्यापूर्वी 'केव्हा?' हा प्रश्न दोन वेळा विचारावा, अटीसाठी एकदा आणि परिणामासाठी एकदा.

'वियँद्रे' वर तीनदा आलं ते नजरचुकीने नव्हे. 'मी येईन' आणि 'मी आलो असतो' यांच्या लेखनात शेवटच्या एका अक्षराचा फरक आहे, पण पुष्कळ फ्रेंच लोक दोन्ही सारखंच उच्चारतात. लिहिताना तेही गोंधळतात. त्यांची युक्ती अशी, की 'मी'च्या जागी 'आम्ही' घालून पाहायचं. 'वियँद्रों' झालं तर भविष्य, 'वियँद्रियों' झालं तर संकेतार्थ.

इतकं सगळं पाठ केल्यावर फ्रेंच माणसांच्या गप्पा ऐकाव्यात, म्हणजे नियमाच्या फटी दिसतात. घरगुती बोलण्यात 'सी' गाळलाच तर दोन्ही बाजूंना बेलाशक संकेतार्थ येतो: 'तू म ल दिरे, झ न त क्र्वारे पा', तू मला सांगितलं असतंस तरी मी विश्वास ठेवला नसता. इथे फ्रेंच वाक्य अगदी मराठी वळणाचं होतं आणि कोणी हरकत घेत नाही. 'आणखी एक पाऊल, की पडलाच होता' या धाटणीचं वाक्यही त्यांच्याकडे आहे, नुसत्या अँपार्फेवर चालणारं. पुस्तकी भाषेत दुसरंच टोक. पास्कालच्या मृत्यूनंतर १६७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणांत क्लिओपात्राच्या नाकाच्या लांबीवरून जगाचा इतिहास बदलण्याची जी प्रसिद्ध कल्पना आहे, तिच्यातल्या अटीचं क्रियापद आज बोलण्यात कोणीही न वापरणाऱ्या विध्यर्थी भूतकाळात आहे. ते ओळखता आलं की पुरे, वापरायला जाऊ नये. शिवाय 'येईल की नाही' यातल्या 'की'साठीही फ्रेंचमध्ये 'सी'च आहे, आणि त्या 'सी'नंतर भविष्य, संकेतार्थ, सगळं चालतं. करवत ती नव्हे.

अट नसलेला संकेतार्थ ऐकायचा असेल तर खेळणाऱ्या मुलांजवळ उभं राहावं. 'म्वा झ सरे ला मेत्रेस', मी बाई होणार हं, तू विद्यार्थी. भातुकली मांडताना भूमिका वाटायच्या त्या याच रूपात, आणि खेळ सुरू झाला की क्रियापदं मुकाट्याने वर्तमानकाळात येतात.

दुसरी जागा वर्तमानपत्र. 'ल मिनिस्त्र ओरे देमिसियोने' असा मथळा दिसला की मराठी वाचक त्याचा 'मंत्र्यांनी राजीनामा दिला असता' असा अर्थ लावतो आणि पुढची अट शोधत राहतो. अट कुठेच नसते. 'मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते' एवढीच ती बातमी. आपली वर्तमानपत्रं जे काम 'समजते', 'कळते', 'सूत्रांनी सांगितले' यांवर आणि आपण गप्पांत 'म्हणे'वर भागवतो, ते फ्रेंच पत्रकार क्रियापदाच्या शेपटीवर भागवतात. याला तिकडे 'वृत्तपत्री संकेतार्थ' असंच नाव आहे. बातमी छापायची पण तिची हमी घ्यायची नाही, यासाठी याहून आटोपशीर साधन मला दुसऱ्या भाषेत आढळलेलं नाही, आणि त्याचा मोहही तितकाच मोठा. त्या एका प्रत्ययामागे लपून कोणाबद्दल काहीही छापता येईल, असं वाटू शकतं. फ्रान्सच्या कायद्याने ही वाट फार पूर्वीच अडवली. २९ जुलै १८८१ च्या वृत्तपत्र कायद्यातलं कलम २९ सांगतं, की अब्रूनुकसानीचा मजकूर संशयाच्या सुरात छापला असला तरी तो शिक्षेस पात्र आहे.